तुम्ही विचारलंत म्हणून: हर्डल्स की नाटक?

ठाण्यात गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृहात प्रयोग संपला की रंगपटात भेटायला येणारी माणसं आणि दादोजी कोंडदेव स्टेडियमवर मुलांना सोडायला येणारे पालक मला एकच प्रश्न विचारतात. ‘चारशे मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, आणि नाटक-मालिका, दोन्ही कसं जमतं? यातलं खरं करिअर कुठलं?’ हल्ली त्याला जोडून आणखी एक येतो. ‘आमची मुलगी आठवीत आहे, तिलाही दोन्ही आवडतं. तिने एक सोडावं का?’ उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

दोन्ही एकाच वेळी सारख्याच जोराने जमत नाही, हे आधी सांगते. दोन्ही करिअर खरी आहेत, पण मी त्यांचा क्रम लावला आहे. हर्डल्सला शरीर विशीत साथ देतं, फार तर तिशी उलटल्यावर काही वर्षं. नाटकात चाळिशीनंतरही उभं राहता येतं, साठीतही. त्यामुळे तारखा एकमेकींवर आल्या की आज मी धावते. दहा वर्षांनी हा निर्णय मला वेगळा घ्यायचा आहे, आणि तेव्हा घेता येईल म्हणूनच आज असा घेतला आहे.

घोडबंदर रोडला शूटिंग होणाऱ्या एका मालिकेत मुख्य भूमिकेची बोलणी शेवटपर्यंत गेली होती. नऊ ते नऊची शिफ्ट, महिन्यातले बहुतेक दिवस, आणि राज्य स्पर्धा तोंडावर. मी नाही म्हणाले. आई काही दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबांनी एकच विचारलं, ‘पैशांचं काय?’

बाबांचा प्रश्न बरोबर होता. स्पाइक्स म्हणजे खिळ्यांचे बूट, फिजिओ, हर्डल्सचा पूर्ण राऊंड सिंथेटिक ट्रॅकवर मारायचा तर पहाटेची लोकल पकडून मुंबईचं प्रियदर्शिनी पार्क गाठणं, या सगळ्याला पैसे लागतात आणि ट्रॅक ते देत नाही. ते येतात नाटकाच्या नाइटमधून, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनातून, डबिंगमधून, मालिकेतल्या चार-पाच दिवसांच्या छोट्या कामांतून. मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण ९० दिवसांनी हातात पडतात, हे धरूनच वर्ष आखावं लागतं. माझा अभिनय माझ्या धावण्याचा खर्च उचलतो. त्यामुळे ‘नाटक हा तुझा छंद का?’ असं कुणी विचारलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आता जे कुणी विचारत नाही पण विचारायला हवं, ते औषधांचं. सेटवर सर्दी झाली की कुणीतरी मायेने गोळी पुढे करतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. स्पर्धेतल्या चाचणीत लघवीच्या नमुन्यात त्याचं प्रमाण मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, की ते डोपिंग. नाटकात तर याहून अवघड. आवाज बसला आणि प्रयोग हाउसफुल्ल असला, की डॉक्टर कधी कधी स्टेरॉइड देतात, गोळी किंवा इंजेक्शन. नटाच्या दृष्टीने तो रीतसर उपचार आहे आणि त्यात काही गैर नाही. पण या प्रकारच्या स्टेरॉइडची, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडची, गोळी स्पर्धाकाळात आधीपासूनच बंद होती, आणि २०२२ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत त्याचं कुठलंही इंजेक्शनही बंद झालं. शरीरातून ते पूर्ण जायला औषधानुसार काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. शनिवारचा प्रयोग वाचवायला घेतलेलं इंजेक्शन पुढच्या आठवड्यातल्या मीटमध्ये सापडू शकतं. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच असते. खरोखर गरज असेल तर उपचारासाठीची सवलत नाडाकडे, म्हणजे देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे, मागता येते, पण त्यासाठी कागदपत्रं लागतात. म्हणून कुठल्याही निर्मात्याला मी पहिल्याच भेटीत सांगते, की स्पर्धेच्या तोंडावर माझा आवाज गेला तर माझ्या जागी दुसरी मुलगी उभी करावी लागेल. काहींनी त्यावर काम दिलं नाही. ज्यांनी दिलं, त्यांच्याकडे मी जीव ओतून काम करते.

आणि खांदे. एका ऑडिशननंतर मला सांगण्यात आलं, ‘खांदे जरा बारीक झाले तर सून म्हणून विचार करता येईल.’ त्याच आठवड्यात सर, म्हणजे माझे धावण्याचे प्रशिक्षक, मला वजन वाढवायला सांगत होते. माझ्याकडे भूमिका येतात त्या पोलिसाच्या, कबड्डीपटूच्या, दांडगट मैत्रिणीच्या. त्या मी आनंदाने करते. पण रुंद खांद्यांच्या बायका बँकेत नोकरी करतात, प्रेमात पडतात, सासरी नांदतात, त्याही मला साकारायच्या आहेत. नाटकात ती मुभा मिळते, म्हणून नाटकावर माझा जास्त जीव.

दोन्हींचा एकमेकांना उपयोग होतो का? होतो. चारशे हर्डल्समध्ये दहा अडथळे असतात, बायकांसाठी ७६.२ सेंटिमीटर उंचीचे, दोन अडथळ्यांत ३५ मीटर. मधली पावलं ठरलेली असतात. माझी सतरा. पायांत लॅक्टिक चढून ते जड झाले की शेवटच्या तीन-चार अडथळ्यांना सतराची अठरा होतात आणि अडथळा नको त्या पायावर येतो. सरांनी मला दुसऱ्या पायाने उडी घ्यायला वर्षभर घोटवून शिकवलं. मोजदाद चुकली तरी घाबरायचं नाही, आहे त्या पायाने जायचं. समोरच्या नटाने संवादाचं अख्खं पान गाळलं, त्या रात्री माझ्या कामी आली ती हीच सवय.

लोक मला उदाहरणं देतात. सगळ्यात जास्त प्रवीणकुमार सोबतींचं, दूरदर्शनच्या महाभारतातला भीम. त्यांनी थाळीफेकीत आशियाई सुवर्ण मिळवलं १९६६ आणि १९७० साली, आणि भीम झाले ते १९८८ मध्ये. जॉनी वाइसमुलरने पोहण्यातली पाच ऑलिंपिक सुवर्णं १९२४ आणि १९२८ मध्ये जिंकली, पडद्यावरचा टारझन झाला १९३२ मध्ये. दोघांचाही क्रम खेळ आधी असाच आहे. नाशिकच्या सैयामी खेरने मात्र अभिनेत्री म्हणून नाव झाल्यावर २०२४ मध्ये अर्धी आयर्नमॅन ही शर्यत पूर्ण केली: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मला तिचा फार अभिमान वाटतो. पण तो दमसासाचा खेळ आहे, तो तिशीतही बहरतो. तुमच्या मुलीचा खेळ कुठला, हे आधी बघा.

ती आठवीत असेल तर काहीही सोडायला लावू नका. तिला शाळेची एकांकिका करू द्या, बालनाट्याच्या तालमीला जाऊ द्या आणि संध्याकाळी ग्राउंडवर पाठवा. मालिकेचं बोलावणं आलं तर मात्र थांबा आणि नियम वाचा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ पासून नियम आहे: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपलीकडे नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलीच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती दाखवा म्हणा. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मुलगी पाठवू नका.

आणि तिच्या स्पर्धांच्या नि प्रयोगांच्या तारखा एकाच कागदावर लिहून सर आणि दिग्दर्शक दोघांना जूनमध्येच देऊन ठेवा. माझ्या घरी हे काम बाबा करतात.