टाकीचं झाकण

जुनी गाडी कुठेही उभी केली की माणसं तिच्याभोवती एक चक्कर मारतात. बॉनेटवरून नजर फिरवतात, चाकांच्या तारा बघतात, काचेला नाक लावून आतलं स्टिअरिंग न्याहाळतात. धीट असतील तर विचारतात, "पार्ट मिळतात का हो हिचे?" टाकीच्या झाकणाकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही, कारण झाकणाकडे कुणाचं लक्ष जाऊ नये यासाठी गाड्या बनवणाऱ्यांनीच पिढ्यानपिढ्या डोकं खपवलं आहे.

१९४१ च्या कॅडिलॅकचा मागचा डावा दिवा बिजागरीवर वर उचलला जायचा आणि त्याच्याखाली टाकीचं तोंड असायचं. १९५७ च्या शेव्हरलेने त्याच्यावर कडी केली. तिच्या डाव्या शेपटीच्या टोकाला जी क्रोमची उभी पट्टी आहे, ती म्हणजे दारच. ज्याला माहीत नाही तो माणूस पंपावर हातात नळी घेऊन गाडीला प्रदक्षिणा घालणार. पुढे कित्येक अमेरिकन गाड्यांनी मागची नंबरप्लेट स्प्रिंगवर बसवली. ती खाली ओढायची आणि मागे पेट्रोल भरायचं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर बहुतेक काळ टाकी पुढच्या सीटखालीच होती, म्हणजे पेट्रोल भरायचं तर आधी बसलेल्यांना उठवायचं आणि मग गादी उचलायची. पेट्रोल केवळ उतारानेच इंजिनाकडे वाहत असल्यामुळे टाकीत ते कमी असताना मोठा चढ आला, तर ती गाडी उलटी करून मागे-मागे चढवावी लागे. फोक्सवॅगन बीटलची टाकी पुढच्या बॉनेटखाली होती आणि १९६८ च्या मॉडेलला बाहेरून दार मिळेपर्यंत दर वेळी बॉनेट उघडण्याला पर्याय नव्हता.

दुसरा पंथ मिरवणाऱ्यांचा. १९६४ साली आलेल्या मस्टँगने टाकीचं झाकण थेट पाठीच्या मधोमध बसवलं, वर आपला धावता घोडा कोरला. ते गाडीचं मागचं तोंडच झालं म्हणा ना. शर्यतीच्या फोर्ड जीटी४० मध्ये टाक्या दोन्ही बाजूंच्या दरवाजांखालच्या उंबऱ्यांत होत्या आणि त्यांची मोठाली झाकणं पुढच्या काचेच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना, उघड्यावर. तिथे शोभेचा प्रश्नच नव्हता. शर्यतीत आटे फिरवत बसायला वेळ कुणाला? खटका दाबला की झाकण टपकन उघडलं पाहिजे, आणि टाळी मारावी तसा तळहात मारला की बंद. या जातीच्या झाकणाला आज जगभर 'मोंझा' म्हणतात, इटलीतल्या शर्यतीच्या मैदानाच्या नावावरून. चकचकीत अॅल्युमिनियम, वर बिजागरी, पुढे बोटभर खटका. एखाद्या साध्या दोन सीटच्या गाडीला ते बसवलं की गाडी उभ्या उभ्याच पळाल्यासारखी वाटते. माझ्या गाडीचा शर्यतीशी संबंध शून्य, तरी मला तेच हवं होतं. हौसेला कारण विचारू नये.

अर्थात एक कारण होतं. मूळ झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं, वरून क्रोम केलेलं. या धातूवरचा क्रोम एकदा फुगला की खालचा धातू पोखरला जातो, आणि कितीही पॉलिश केलं तरी खड्डे जात नाहीत. लेथवर काम करणाऱ्या माझ्या मित्राला ते दाखवलं. त्याने ते हातात उलटसुलट केलं आणि म्हणाला, "अरे, झाकणच ना? नवीन काढू. पण तू आधी मला तोंड दाखव."

तोंड म्हणजे टाकीतून वर येणाऱ्या नळीचं तोंड. बाहेरून ती नुसती गोल कडा दिसते. बोट घालून बघितलं की कळतं, की कडेला समोरासमोर दोन खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेपासून आतली कड हळूहळू खाली उतरत जाते. झाकणाचे दोन कान त्या खाचांतून आत जातात. झाकण पाव फेरा फिरवलं की कान त्या उतारावरून खाली सरकतात आणि झाकणाला आपल्याबरोबर खाली ओढतात. तेवढ्या ओढीने झाकणाखालचं पॅकिंग, म्हणजे गळती अडवणारी चकती, दाबलं जातं. सगळी करामत या उतारात आहे. मित्राने व्हर्नियरचं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या कॅलिपरचं, शेपूट आत घालून उताराची सुरुवात मोजली, मग शेवट मोजला, मग पॅकिंग चिमटीत दाबून त्याची दबलेली जाडी अंदाजली. कान किंचित खाली राहिले तर झाकण ढिलं बसणार, किंचित वर गेले तर फिरणारच नाही. मिलिमीटरच्या भागांचा मामला. इतका बारकावा लोक इंजिनाच्या पिस्टनला देतात, झाकणाला नाही.

इथे दोन रस्ते फुटतात. एक म्हणजे पत्र्यालाच मोठं भोक पाडायचं आणि झाकणाची रिंग गोलाकार स्क्रूंनी बॉडीवर आवळायची. दिसायला हे सगळ्यात देखणं. मास्किंग टेप लावा, कागदाचं टेम्प्लेट चिकटवा, पंच मारा, होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) चालवा, कानशीने कड साफ करा आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला लगेच प्रायमर मारा, नाहीतर त्याच वर्तुळापासून गंजाची सुरुवात. अॅल्युमिनियम आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग हवंच, कारण हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की अॅल्युमिनियम पांढरं पडून झिजू लागतं. दुसरा रस्ता म्हणजे मूळ तोंड तसंच ठेवायचं आणि त्याच खाचांत अडकणारी एक बैठक करायची. ती ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) पक्की करायची, वर उघडमीट करणारं झाकण. उद्या मन बदललं तर बैठक काढा, गाडी पुन्हा जशीच्या तशी. मी दुसरा रस्ता धरला. साठ वर्षं टिकलेल्या पत्र्याला माझ्या हौसेपायी भोक पाडायचा मला अधिकार आहे, असं मला वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त त्यांच्या गाडीचं पुढचं गिऱ्हाईक मी नसेन.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच झाकणांवर गोल रांगेत स्क्रू दिसतात, पण त्यातले अनेक नुसतेच शोभेचे असतात. खाली काही धरलेलं नसतं. मित्र म्हणाला, "टाकू का सहा? भारी दिसेल." मी नको म्हणालो. जो स्क्रू काहीच आवळत नाही, त्याच्याकडे बघून मला उगाच अस्वस्थ व्हायला होतं.

आता खरी गोष्ट. झाकणाचं काम बंद करणं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं. इंजिन टाकीतून पेट्रोल ओढतं, तेवढीच हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवेनासं होतं, गाडी आचके देत थांबते. स्ट्रॉने शेवटचा घोट ओढताना ज्यूसचा खोका आत चिमटतो ना, तशी पत्र्याची टाकीसुद्धा चिमटू शकते. गंमत म्हणजे अशी थांबलेली गाडी थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू होते, कारण कुठूनतरी हवा आत झिरपलेली असते. मग माणूस कार्बोरेटर उघडतो, पंप बदलतो, कॉइलवर संशय घेतो. झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज आत खेचला गेला की चोर सापडला.

म्हणून जुन्या झाकणांना एक बारीक छिद्र असे. पण छिद्र दोन्हीकडून वाहतं. पेट्रोल तापलं की फुगतं: ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळजवळ एक लिटर वाढतं. काठोकाठ भरलेली गाडी उन्हात उभी राहिली की ते कुठेतरी जाणारच. वाफही त्याच छिद्रातून सुटते, आणि ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत साचते. अमेरिकेत १९७१ च्या मॉडेलपासून ही वाफ बाहेर सोडायला मनाई झाली. झाकणं बंदिस्त झाली आणि वाफ कोळशाच्या डब्यात अडकवली जाऊ लागली. त्यामुळे जुन्या गाडीला नवीन काळातलं बंदिस्त झाकण लावलं तर ती गुदमरते. आणि उलट, बंदिस्त व्यवस्थेच्या गाडीला छिद्राचं झाकण लावलं तर पेट्रोलचा वास पाठ सोडत नाही. झाकण घ्यायला निघालेल्याने व्यास विचारण्याआधी हे विचारावं: टाकीला हवा कुठून येते? माझ्या टाकीला वेगळी श्वासनळी नाही, ती झाकणातूनच श्वास घेते. मग मित्राने झाकणाच्या पोटात एक छोटा व्हॉल्व्ह बसवला. पोकळी झाली की तो हवा आत घेतो, आतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच बाहेर सोडतो, आणि गाडी कलंडली तर आतली गोळी सरकून वाट बंद करते. वरून यातलं काहीच दिसत नाही. दिसतो तो नुसता चकाकणारा गोल.

पॅकिंगचीही एक कथा आहे. मूळ पॅकिंग बुचाचं होतं, वाळून बिस्किटासारखं तुटलं. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने तर जुन्या रबराची पार वाट लागते. व्हिटॉन या कृत्रिम रबराचं पॅकिंग घातलं; ते या दोन्हीला दाद देत नाही. शिवाय तोंडाची नळी आणि टाकी यांच्यामध्ये रबरी होज आहे, म्हणजे वरचा धातूचा भाग विजेच्या दृष्टीने एकटा पडतो. पेट्रोल वाहताना स्थिर वीज साचते, ती जायला वाट हवी. म्हणून तोंडाच्या नळीपासून चॅसिसपर्यंत एक वायर जोडली. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते, तेव्हा ठिणगीच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणायची सोय नाही. याच कारणाने बैठक बसवायचं सगळं काम हाताच्या पान्यांनी झालं. उघड्या टाकीजवळ ड्रिल मशीन आणूच नये.

बिजागरी कुठल्या बाजूला ठेवायची यावर आमची थोडी बाचाबाची झाली. मला ती मागे हवी होती, भरताना सोयीची म्हणून. तो म्हणाला, "पुढे ठेव. खटका सुटला तरी वारा झाकण मिटवेल, उघडणार नाही." त्याचंच बरोबर होतं. झाकण मात्र नव्वद अंशांपलीकडे उघडून टेकलं पाहिजे, नाहीतर नळीवर येऊन आदळतं. पंपाच्या नळीच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल त्याच्यापर्यंत पोहोचलं की तिथली हवा अडते, आतला पडदा ओढला जातो आणि नळी आपोआप बंद होते. जुन्या गाड्यांच्या तोंडाला लगेच वळण असल्यामुळे पेट्रोल उलटं उसळतं आणि नळी टाकी भरायच्या आतच खट्‌खट्‌ बंद पडत राहते. जोर लावला की शिंतोडे रंगावर. त्यावर उपाय झाकणात नाही, हातात आहे: नळी थोडी तिरकी धरा आणि घाई करू नका.

बसवून झाल्यावर टाकी काठोकाठ भरली आणि वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी पिदडली. परत आल्यावर बैठकीच्या कडेवरून पांढरा कागद फिरवला. कोरडा. झाकण उघडलं, फुस्स नाही. वास नाही. आता लोक काय म्हणतात ते बघायचं होतं. लोक काहीच म्हणाले नाहीत. पंपावर मात्र रोजचा प्रश्न आला, "टाकी कुठल्या बाजूला?" नव्या गाड्यांत पेट्रोलच्या काट्याशेजारी जो छोटा बाण असतो, तो फोर्डमधल्या जेम्स मॉयलन यांनी १९८६ साली सुचवला, पावसात चुकीच्या बाजूला गाडी लावून भिजल्यानंतर. १९८९ च्या मॉडेलपासून तो दिसू लागला. त्याआधीच्या गाड्यांच्या नशिबी खिडकीतून हात बाहेर काढून दाखवणं.

झाकणाची दखल अखेर घेतली ती एकाच माणसाने, आणि तोही जुन्या जॅग्वार एक्सजे६ चा मालक. त्याने खटका उघडून मिटून बघितला, पुन्हा उघडला, पोटातला व्हॉल्व्ह बोटाने दाबला आणि मित्राचा नंबर मागितला. एक्सजे६ ला मागे डावीकडे एक टाकी, उजवीकडे एक, आणि दोन्ही मडगार्डवर एकेक झाकण. मित्राने ते ऐकल्यावर फोनवरच हिशेब सुरू केला. जॅग्वारवाल्याला दोन्ही झाकणं कुलपाची हवी आहेत आणि दोन्हींना एकच किल्ली लागायला हवी आहे. मित्र म्हणतो, लेथचं काम सोपं आहे, पण कुलूप त्याच्या हातातलं नाही. त्यासाठी वेगळा कारागीर शोधावा लागेल.