छुपी टेस्ट केस आणि ९९७

पहिल्या वर्षाची सी प्रोग्रॅमिंगची प्रॅक्टिकल्स आमच्या कॉलेजात आता सर्व्हरच तपासतो. मुलांचा कोड कंपाइल होतो, ठरलेल्या इनपुटवर, म्हणजे टेस्टवर, चालतो आणि आउटपुट जुळलं की मार्क. जुळलं म्हणजे अक्षरशः जुळलं; कुणी हौसेने ‘एंटर अ नंबर’ छापलं तरी भोपळा. त्यावरून होणारी रडारड हा वेगळाच विषय.

त्या दिवशीचा प्रोग्रॅम साधा होता. एक आकडा घ्यायचा, जास्तीत जास्त १०००, आणि तिथपर्यंतच्या मूळ संख्यांची बेरीज छापायची. १० दिले की १७. काही टेस्ट मुलांना दिसतात, काही छुप्या. एका मुलाला पैकीच्या पैकी मिळाले, पण सबमिशनची यादी भलतीच लांब होती, म्हणून कोड उघडला. मध्येच एक ओळ: आकडा ९९७ असेल तर ७६१२७ छाप.

उत्तर बरोबर. पण ९९७ ही तर छुपी टेस्ट! पेपर फुटला की काय म्हणून आधीची सबमिशन्स चाळली. एकात आकडा ५००पेक्षा मोठा असेल तर मुद्दाम अनंत लूप, म्हणजे प्रोग्रॅम थांबतच नाही. पुढच्यात ७५०, मग ८७५. पठ्ठ्याचं उत्तर चुकत होतं ते एकाच छुप्या टेस्टवर. तिथे सर्व्हर कधी ‘चुकीचं उत्तर’ म्हणायचा, कधी ‘वेळ संपला’. वेळ संपला तर छुपा आकडा त्याहून मोठा, नाहीतर नाही. म्हणजे दर वेळी एक हो-नाही, आणि शक्यता निम्म्या. अशा दहा प्रश्नांत हजारातला कुठलाही आकडा हाती लागतो. हे बायनरी सर्च आम्ही अजून शिकवलंही नव्हतं!

कॉपी पकडायला आम्ही स्टॅनफर्डचं मॉस वापरतो. १९९४पासूनचं हे साधन व्हेरिएबलची नावं बदलली तरी फसत नाही. पण इथे ते गप्प, कारण याने कुणाचंच ढापलं नव्हतं. तसं हे दुखणं जुनंच. १९६०मध्ये अमेरिकेत रेन्सेलर या तंत्रशिक्षण संस्थेत पंचकार्डांवरचे प्रोग्रॅम मशीन तपासायचं, तेव्हाही विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाच धक्का लावू शकत होता.

बोलावून घेतलं. मूळ चूक मजेशीर होती. तो फक्त २, ३, ५ आणि ७ने भाग जातो का बघत होता, त्यामुळे १२०पर्यंत सगळं सुरळीत.

“१२१ मूळ आहे का रे?”

“नाही सर, अकराचा वर्ग...” आणि जीभ चावली.

दोन मिनिटांत तिथेच दुरुस्त केलं. एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप! त्या प्रोग्रॅमचे मार्क मी कापलेच. आकडा चोरायला लावलेलं डोकं मात्र मनापासून आवडलं, तेही सांगितलं. संध्याकाळी सेटिंग बदललं: छुप्या टेस्टवर आता फक्त पास किंवा नापास, कारण दाखवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तोच जवळ आला. “सर, कारण काढलंत, पण टेस्टला किती सेकंद लागले ते अजून दिसतंय.”