मरायला हवं होतं ते यीस्ट

सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला आणि प्लेटवर दुधाच्या सायीसारखी दाट वाढ दिसली. विद्यार्थिनी माझ्या मागेच उभी होती. तिच्या एमएस्सीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या प्लेटवर काहीच न उगवण्यावर बेतलेलं होतं.

तिचा विषय होता यीस्टमधल्या प्रथिनांचं जाळं. आपल्या गोव्यातल्या पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव फुगवणारं तेच हे यीस्ट. त्याची साधारण सहा हजार जनुकं. कुठलं प्रथिन कुणाला चिकटतं, कुणाबरोबर काम करतं, याच्या नोंदी डेटाबेसमधून उतरवायच्या, प्रत्येक प्रथिन म्हणजे एक ठिपका, प्रत्येक संबंध म्हणजे एक रेघ. बहुतेक ठिपक्यांना मोजक्या रेघा असतात आणि थोड्याच ठिपक्यांवर रेघांचं जंगल. ते हब. तिच्या यादीत अगदी वरच्या नावांत एचएसपी८२ हे प्रथिन होतं.

वर्गात मी दरवर्षी जाळ्यांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ बाराबाशी आणि सहकाऱ्यांचा २००१ चा निबंध शिकवते: १,८७० प्रथिनं, २,२४० रेघा. पाच किंवा त्याहून कमी रेघा असलेल्यांपैकी २१ टक्के प्रथिनं पेशीला अत्यावश्यक निघाली, पंधराहून जास्त रेघांच्या हबपैकी ६२ टक्के. त्यामुळे हब काढला की पेशी मरते, हे वाक्य माझ्या तोंडून इतक्यांदा गेलंय की तिने ते खरं मानलं यात तिचा दोष नाही. मीच म्हटलं होतं, नुसतं कॉम्प्युटरवर कशाला, प्रत्यक्ष दाखवू. ओळखीच्या एका प्रयोगशाळेतून एचएसपी८२चं जनुक काढून टाकलेलं यीस्ट मागवलं, कुरियरने आलेल्या ट्यूबमधून प्लेटवर रेघाटलं, ३० अंशांवर ठेवलं. आणि आता ही साय.

पहिला संशय अर्थातच भेसळीचा. पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये बुरशीला आमंत्रण लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गोलसर पेशी, कडेला कळ्या फुटलेल्या, अस्सल यीस्ट. मग वाटलं, चुकून साधंच यीस्ट आलं असेल. पण काढलेल्या जनुकाच्या जागी जी-४१८ या औषधाला दाद न देणारं जनुक बसवलेलं असतं. औषधाच्या प्लेटवर साधं यीस्ट मुळीच वाढलं नव्हतं, मागवलेलं मात्र मजेत वाढलं होतं. डीएनएची पीसीआर तपासणी केली, जेलवर पट्टा जिथे यायला हवा तिथेच आला. जनुक खरोखरच नव्हतं. या सगळ्यात दुपारचे तीन वाजले, दोघींचे डबे तसेच राहिले आणि ती रडायच्या बेतात आली.

आमचे अटेंडंट काका प्लेटा धुवायला आले होते. वीस वर्षं हेच काम, लहानपण ताडीत आंबवलेल्या सान्नांवर गेलेलं. काय झालं ते तिने सांगितलं. ते ट्यूबकडे बघत म्हणाले, "मरपाचें आसल्यार जितें कशें आयलें?"

मी खुर्चीत बसले. ज्या जनुकाविना पेशी जगतच नाही, ते काढलेलं एकसंची, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेलं, यीस्ट कुणी जिवंत पाठवणार कुठून? तसली जनुकं काढायची तर एक प्रत शाबूत ठेवून, दोन प्रती असलेल्या द्विसंची पेशीत ते यीस्ट सांभाळतात, हे मीच शिकवते. ट्यूब आमच्या हातात आली त्या क्षणीच उत्तर आलं होतं. तिच्या प्रस्तावावर सही माझी होती.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, जनुकाची माहिती नीट वाचली. एचएसपी८२ला जवळजवळ हुबेहूब जुळं भावंड आहे, एचएससी८२. ते नेहमीच भरपूर बनतं, एचएसपी८२ उष्णतेचा ताण आला की वाढतं. एक काढलं तर दुसरं निभावतं, दोन्ही काढली तर पेशी संपते. जाळ्याच्या चित्रात मात्र ते दोन वेगळे ठिपके. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकतो, हे नुसत्या रेघा मोजून कळत नाही.

"म्हणजे मांडवीचे पूल," ती म्हणाली. ती पेडण्याची, रोज ओलांडते. मला १९८६ चा जुलै आठवला. जुना पूल कोसळला तेव्हा मी शाळेत होते. बेतीच्या धक्क्यावर फेरीसाठी ताटकळलेली माणसं अजून डोळ्यांसमोर आहेत. तेव्हा पूल एकच होता. आज तीन आहेत. एक बंद झाला तर कोंडी होईल, पण पणजी तुटणार नाही.

शिवाय एवढ्या रेघा एचएसपी८२ला आल्या कुठून? त्याचं कामच इतर प्रथिनांना नीट घडी घालायला मदत करण्याचं. सुईणीकडे गावभरची ओळख असावी तसं. त्यात तिने प्रथिनं प्रत्यक्ष चिकटण्याच्या आणि जनुकीय संबंधांच्या, म्हणजे एका जनुकातल्या बदलाने दुसऱ्याचा परिणाम बदलण्याच्या, नोंदी एकत्र मोजलेल्या. २००८ मध्ये यीस्टमधल्या थेट चिकटणाऱ्या प्रथिनांच्या जोड्यांचा नवा नकाशा निघाला, त्यात तर रेघांची संख्या आणि अत्यावश्यकता यांचा मेळच बसला नव्हता. आणि २००१ च्या निबंधातही पंधराहून जास्त रेघांची प्रथिनं होती ०.७ टक्के, म्हणजे जेमतेम तेरा. त्यातल्या पाचेकांपैकी कुठलंही एक गेलं तरी पेशी जगत होती. इतकी वर्षं मी ६२ हा आकडा मोठ्याने वाचला, उरलेल्या ३८ कडे पाहिलंच नाही.

चौथ्या प्रकरणाचं नाव तिने तिथेच खोडलं. गरम तापमानात हे प्रथिन जास्त लागतं, म्हणून एक प्लेट ३७ अंशांवर ठेवू, असं ठरलं. डबा उघडता उघडता तिने विचारलं, "मॅडम, मग दोन्ही जनुकं काढलेलं यीस्ट मागवूया?"

मी काही बोलायच्या आत तिनेच काकांच्या हातातल्या ट्यूबकडे पाहिलं आणि हसू दाबत डब्याचं झाकण परत लावलं.