स्लो कुकरमधला पांढरा रस्सा

पांढऱ्या रश्श्याची दोन कामं असतात: अळणी (कोंबडी शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) काढणं आणि वाटण-दूध घालणं. पहिलं काम स्लो कुकर फार छान करतो. दुसरं त्याच्यावर सोडलं, की रस्सा हमखास फुटतो. त्यामुळे अळणी कुकरमध्ये आणि शेवटची वीस मिनिटं गॅसवर, अशी वाटणी करा.

साडेतीन-चार लिटरच्या कुकरला हाडासकट १ किलो चिकन पुरतं. तंगड्या, पाठ आणि मान घ्या. छातीचे तुकडे घालू नका, इतक्या वेळात ते कोरडे पडून दोरे सुटतात. तुकडे आधी उकळत्या पाण्यात ३ मिनिटं ठेवून ते पाणी फेकून द्या. कुकरमध्ये रटरट उकळी नसते, त्यामुळे फेस वर येऊन काढता येत नाही आणि रक्ताचा करडेपणा रश्श्यात उतरतो.

२ चमचे आलं-लसूण वाटण तुपात मिनिटभर परतून घाला, रंग बदलू द्यायचा नाही. कच्चंच टाकलं तर तासन् तास शिजूनही लसणाचा उग्र वास राहतो. कांदा एकच, अख्खा, चिरा देऊन. २ इंच दालचिनी, ५ लवंगा, ४ हिरवे वेलदोडे, १२ मिरी आणि २ तमालपत्रं फडक्यात बांधून सोडा. हळद नाही, गरम मसाल्याची पूड नाही. दगडफूल आणि मसाला वेलदोडाही नको, रस्सा काळवंडतो.

मीठ दीड चमचा. पाणी सव्वा लिटर, तेही उकळतं. गार पाणी घातलं तर कुकर तापायलाच दोन तास घेतो आणि कोंबडी तेवढा वेळ कोमट राहते, ते धोक्याचं. पातेल्याच्या सवयीनं जास्त पाणी ओतू नका, इथे वाफ झाकणाला लागून परत खाली पडते. ब्रॉयलर कोंबडी हायवर साडेतीन ते चार तास, लोवर सहा-सात. गावरान असेल तर लोवर आठ-नऊ. मधे झाकण उघडलं, की दर खेपेला वीसेक मिनिटं वाढवा. लाइट गेली आणि लवकर यायची चिन्हं नसतील तर सरळ पातेल्यात ओतून गॅसवर घ्या.

वाटणाला २ मोठे चमचे खसखस, १ चमचा पांढरे तीळ आणि १५ काजू तासभर गरम पाण्यात भिजवा. तीळ वाढवले तर कडवटपणा येतो. एका मोठ्या नारळाची काळी पाठ काढून टाका, नाहीतर दूध मळकट दिसतं. पहिलं घट्ट दूध १ कप, दुसरं पातळ दीड कप. वाटण या दुसऱ्या दुधातच गंधासारखं वाटा. खसखस कणीदार राहिली तर रस्सा तळाला बसतो.

आता अळणी गाळून घ्या. पातळ वाटली तर आत्ताच आटवा, दूध घातल्यावर आटवता येत नाही. पातेल्यात २ चमचे तूप, दोन लवंगा, चार हिरव्या मिरच्या उभ्या चिरून. मिरच्या कुकरमध्ये टाकल्या तर ताजा झणका जातो. वाटण मंद आचेवर ३-४ मिनिटं हलवत राहा, मग गरम अळणी पळीपळीनं, उरलेलं पातळ दूध, आणि दहा मिनिटं बारीक उकळी. मीठ बघा.

गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि मगच घट्ट दूध ओतून ढवळा. नारळाच्या दुधातलं तेल प्रथिनांनी पाण्यात धरून ठेवलेलं असतं. जोराची उकळी बसली, की प्रथिनं गोळा होतात आणि तेल वर तरंगतं. आंबटानंही तेच होतं, म्हणून लिंबू वाटीत पिळायचं, पातेल्यात नाही. आणि तयार रस्सा कुकरच्या वॉर्मवर ठेवू नका.

गाळून काढलेल्या तुकड्यांचं सुक्कं करा. ते इतके मऊ झालेले असतात, की सुक्क्याचा मसाला पूर्ण परतून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांतच घालावेत, तेही अलगद. तांबडा रस्साही करायचा असेल तर त्याला निम्मी अळणी आधीच बाजूला काढा. उरलेली अळणी दूध न घालता दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावी; दुसऱ्या दिवशी ती खळखळून उकळून घ्या आणि ताजं दूध घाला.