आतोबांची गोळी आणि एफ११.२०

परवा रामबागेतून आत्याचा फोन आला. इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला रात्रीचे अकरा, इंदूरला सकाळचे साडेआठ. आतोबांचा कॅन्सर हाडांत उतरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, दर चार तासांनी एक. आत्याने पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं होतं आणि फक्त रात्री एक गोळी देत होती. दिवसभर आतोबा उशी चावून पडून राहायचे.

"अगं, अफूच ना ती शेवटी? मंदसौर-नीमचच्या शेतांतली. आयुष्यभर सुपारीचं खांडसुद्धा न खाल्लेल्या माणसाला आता जाता जाता व्यसन लावू का?"

नऊ वर्षं मी ज्या टेबलावर बसते तिथे रोज हाच प्रश्न येतो. घरी मात्र मी काय काम करते ते कधी नीट सांगितलं नव्हतं. "हॉस्पिटलचं कॉम्प्युटरवरचं काम" एवढ्यावर भागायचं. म्हणून आज लिहितेय.

मी मेडिकल कोडर आहे. डॉक्टरांनी पेशंटबद्दल जे लिहिलं ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड लावायचा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून यासाठी आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी वापरतात. विमा कंपनी पैसे देते ती या कोडवर, आणि पुढचा डॉक्टरही आधी तेच पाहतो. अफूपासून काढलेल्या किंवा तशाच कृत्रिम औषधांच्या, म्हणजे ओपिऑइडच्या, व्यसनाचे कोड एफ११ ने सुरू होतात. एफ११.१ म्हणजे दुरुपयोग, एफ११.२ म्हणजे अवलंबित्व. डॉक्टरांनी दोन्ही लिहिलं असेल तर फक्त अवलंबित्वाचा कोड लावायचा.

ओहायोत हे कोड रोजचेच आहेत. आधी दुखण्याच्या गोळ्या, मग हेरॉइन, मग फेंटानिल. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत एक लाखाहून जास्त माणसं ड्रगच्या ओव्हरडोसने गेली, आणि त्यांतली बहुतेक याच जातीच्या औषधांनी. हे आकडे मला बातमीसारखे वाचता येत नाहीत. त्यांतल्या काहींच्या फाइली माझ्या हाताखालून गेल्या आहेत.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. छपरं शाकारणारा एक माणूस, पाठीचं ऑपरेशन झालेला. तीन वर्षं डॉक्टरांच्या सांगण्यानुसार ऑक्सिकोडोन ही याच जातीची दुखण्याची गोळी घेत होता, एक गोळी जास्त नाही. डॉक्टरांनी लिहिलं होतं: औषध एकदम बंद केलं तर त्रास होईल, हळूहळू कमी करू. 'त्रास होईल' वाचलं आणि मी एफ११.२०, म्हणजे अवलंबित्वाचा कोड, लावून मोकळी झाले. ऑडिटमध्ये फाइल परत आली. अवलंबित्व हा शब्द डॉक्टरांनी कुठेही लिहिला नव्हता, तो मी मनाने घातला होता. तिथे हवा होता झेड७९.८९१, म्हणजे वेदनेसाठी दीर्घकाळ चालू असलेलं ओपिऑइड औषध. फाइल वेळेत सुधारली, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तो कोड तसाच राहिला असता तर पाठ धरून आलेल्या त्या माणसाकडे पुढच्या प्रत्येक दवाखान्यात संशयाने पाहिलं गेलं असतं.

शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात व्यसनाच्या ११ खुणा दिल्या आहेत. दोन-तीन जुळल्या तर सौम्य, चार-पाच जुळल्या तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. मध्यम आणि तीव्र एफ११.२ मध्ये जातात. पण डोस वाढवावा लागणं आणि औषध तुटल्यावर त्रास होणं या दोन खुणा, औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट घेतलं जात असेल, तर मोजायच्याच नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ जातो सोबतच्या आजारांत. औषध तुटल्याचा त्रास असेल तर एफ११.२३, औषधामुळे आलेला मनोवस्थेचा विकार असेल तर एफ११.२४, औषधामुळे झोप बिघडली असेल तर एफ११.२८२. 'औषधामुळे' हा एक शब्द सगळं ठरवतो. एका बाईच्या फाइलवर अवलंबित्वही होतं आणि नैराश्यही. पण नैराश्य गोळ्यांनी आणलं, की आधीपासून होतं आणि ते सोसवेना म्हणून गोळ्या सुरू झाल्या? ही जोडणी मी करायची नाही. मी डॉक्टरांना लेखी विचारते, तेही उत्तर सुचवल्यासारखं नाही. सगळे पर्याय द्यायचे, 'सांगता येत नाही' हासुद्धा. उत्तर यायला कधी आठवडा लागतो, बिल अडतं, वरून विचारणा होते. तरी मी थांबते.

एक कोड लावताना मात्र मन हलकं होतं, एफ११.२१. अवलंबित्व होतं, आता नियंत्रणात आहे. तीन महिने झाले की सुरुवातीचा टप्पा, बारा महिन्यांनंतर टिकलेला. व्यसनावरच्या उपचाराची ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही औषधं चालू असलेला माणूसही यात बसतो. तेही डॉक्टरांनी लिहिलं तरच.

हे सगळं मी आत्याला मराठीत आणि अर्धं इंदुरी हिंदीत सांगितलं. हेही सांगितलं की अनारशावर तू थापतेस ती खसखस अफूच्याच झाडाची, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात त्याच अफूपासून औषधाचं मॉर्फिन निघतं. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर हे औषध आपल्याकडे मिळणंच अवघड झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. माळव्यात पिकतं, आणि माळव्यातलाच माणूस वेदनेने उशी चावतो, हे मला सहन होत नाही. गोळी वेळेवर दे, डोस स्वतः कमी-जास्त करू नकोस, बद्धकोष्ठ होईल तर त्याचं औषध डॉक्टरांकडून आजच मागून घे, फार गुंगी वाटली तर लगेच त्यांना फोन कर.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या त्या यादीत ह्यांना कुठला नंबर मिळेल गं?"

"जी८९.३, आत्या. कॅन्सरमुळे होणारी वेदना. आणि त्याच्यापुढे तो झेडवाला, डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू आहे एवढंच सांगणारा."

"एफ नाही?"

"एफ नाही."

तिने दोन्ही नंबर कालनिर्णयच्या पानामागे लिहून घेतले. मग फोन तसाच चालू ठेवून ती उठली, आणि देव्हाऱ्याखालचा खण उघडल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.