राडारोड्याचे पक्षी

अमेरिकेच्या त्या सहलीचे रीतसर वर्णन करायचे तर नायगारा, वॉशिंग्टनमधील स्मारके आणि वहिनीने आग्रहाने दाखवलेले आउटलेट मॉल यांची नावे घ्यावी लागतील. ती मी आत्ताच घेतली, आणि त्यांच्याविषयी मला एवढेच सांगायचे आहे. लिहिण्याची इच्छा होते ती एका शनिवारच्या दुपारविषयी, कारण त्या दुपारी न्यूयॉर्कच्या एका कॅथीड्रलमध्ये मी बांधकामाच्या राडारोड्यापासून केलेले दोन प्रचंड पक्षी पाहिले, आणि माझे निम्म्याहून अधिक आयुष्य पुण्यातील साइटवर असाच राडारोडा ट्रकमध्ये भरून कुठे टाकायचा याच्या चिंतेत गेलेले असल्यामुळे ते दृश्य मला इतरांपेक्षा जरा जास्तच लागले.

ही गोष्ट २०१४ च्या एप्रिलमधली. न्यू जर्सीतील एडिसनला मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, मुक्काम होता. चिनी कलावंत शू बिंग यांचे ‘फिनिक्स’ नावाचे शिल्प सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये टांगले आहे, आणि त्यांचेच दुसरे गाजलेले काम मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील चिनी शाईकलेच्या प्रदर्शनात आहे, हे मी निघण्यापूर्वीच वाचून ठेवले होते. ते प्रदर्शन दुसऱ्या दिवशी संपणार होते, म्हणून शनिवार ठरला. दादाने कपाळाला आठ्या घालून विचारले, “पुण्याहून इथे येऊन तू बीजिंगचा कचरा बघणार?” त्याला सकाळी काम होते, त्यामुळे वहिनी आणि मी गाडी पकडून निघालो, आणि संध्याकाळी त्याने कार घेऊन कॅथीड्रलपाशी यावे असे ठरले.

संग्रहालयातील सकाळ चांगली गेली, पण ती थोडक्यात सांगते. शू बिंग यांनी १९८७ ते १९९१ या काळात सुमारे चार हजार चिनी वाटणारी पण कोणत्याही कोशात नसलेली अक्षरे लाकडावर कोरली आणि त्यांनी ग्रंथ छापले. ते ग्रंथ जमिनीवर मांडलेले होते आणि छपाईचे लांबच लांब पट्टे छतापासून लोंबत होते. चिनी माणसालाही ते वाचता येत नाहीत, म्हणजे त्या दालनात आम्ही सगळेच सारखे अडाणी होतो. जवळच दुसरे चिनी कलावंत आय वेवे यांनी हान राजवटीच्या प्राचीन काळातील रांजणावर कोका-कोलाचे नाव रंगवलेले होते. चीन आणि अमेरिका एका वस्तूत बसवण्याची ती युक्ती हुशारीची आहे, पण एका नजरेत संपते. पुढच्या वस्तूकडे वळताना मनात काही उरत नाही.

तिथून मॅडिसन ॲव्हेन्यूवरून एम-४ क्रमांकाची बस थेट कॅथीड्रलच्या जवळ जाते. भाडे तेव्हा माणशी अडीच डॉलर होते, तेही सुट्ट्या नाण्यांत, कारण त्या बसमध्ये नोटा चालत नसत. वहिनीच्या पर्समध्ये वीस क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, निघाले आणि ते एकेक करून यंत्रात टाकताना मागच्या रांगेने जे उसासे टाकले ते ऐकून मला पीएमटीच्या कंडक्टरची आठवण झाली, निदान तो तोंडाने बोलायचा तरी.

कॅथीड्रलची इमारत ही मुळातच माझ्यासारखीने पाहावी अशी आहे. १८९२ साली पाया घातला आणि अजून पुरी झालेली नाही. लोक तिला थट्टेने ‘अपुरा सेंट जॉन’ म्हणतात. लांबी ६०१ फूट. मधे महायुद्धे आली, पैसे संपले, मग १९७० च्या दशकाच्या अखेरीस काम पुन्हा हाती घेताना शेजारच्या हार्लेममधील तरुणांना पाथरवटाचे शिक्षण देऊन त्यांच्याकडून दगड घडवून घेण्याचा उपक्रम तिथे सुरू झाला. पुढे तोही थांबला. पश्चिम दारावरच्या कोरीव कामात संतांच्या पायाशी न्यूयॉर्कच्या कोसळत्या इमारती आहेत. आवारात तीन मोर मोकळे फिरत असत, त्यांपैकी एक पांढराशुभ्र, आणि त्याच्याभोवती पक्ष्यांपेक्षा कॅमेरेच जास्त होते. उत्तरेकडे, कॅथीड्रलने भाड्याने दिलेल्या त्याच्याच जमिनीवर, निवासी इमारतींचे काम चालू होते. देवळाची जागा, बिल्डर, आणि त्यावरून परिसरातील लोकांचा विरोध, हे सगळे इतके ओळखीचे होते की परदेशात आल्याचा विसर पडावा.

आत थंडी होती. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत काही मिनिटे गेली आणि मग वर पाहिले.

दोन पक्षी, एकामागे एक. नराचे नाव फंग, लांबी ९० फूट. मादीचे नाव ह्वांग, लांबी १०० फूट. दोघांचे वजन मिळून १२ टन. ही मापे माहिती असूनही मी पहिल्यांदा केले ते इंजिनिअरचे काम, म्हणजे ते कशाला आणि कसे लटकवले आहेत याचा शोध घेतला. ते समाधान झाल्यावर मग पक्ष्यांकडे पाहिले, आणि पक्षी हळूहळू सुटे होऊ लागले. चोच म्हणजे काँक्रीट फोडायच्या ब्रेकरचे टोक. तुरा म्हणजे रंग उडालेली, ओरखडे पडलेली हेल्मेटे. पिसे म्हणजे एकावर एक रचलेली फावडी. पोटात लोखंडी गर्डर, पाइप, बांबू. सगळ्या अंगावरून बारीक दिव्यांच्या माळा फिरवलेल्या, त्यामुळे दुरून ते आकाशातील नक्षत्रांसारखे दिसतात आणि खाली उभे राहिले की भंगारवाल्याच्या वखारीसारखे. फावड्यांकडे मी फार वेळ पाहत राहिले. त्यांच्या कडा एका बाजूने जास्त झिजलेल्या होत्या. नव्या फावड्याची कड सरळ असते. माल कालवून कालवून ती तिरपी होते, आणि कोणत्या बाजूने तिरपी होते ते फावडे धरणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. ही झीज कोणत्याही कलावंताला मुद्दाम करता येत नाही.

या पक्ष्यांची जन्मकथा सांगायलाच हवी. शू बिंग १९९० मध्ये अमेरिकेत आले, अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहून २००८ साली बीजिंगच्या मध्यवर्ती कला अकादमीत उपाध्यक्ष म्हणून परतले. त्याच सुमारास बीजिंगच्या व्यापारी भागात, अमेरिकन वास्तुरचनाकार सेझार पेली यांच्या आराखड्यानुसार काचेचे दोन मनोरे उभे राहत होते, आणि त्या दोहोंमधील काचेच्या दालनासाठी काहीतरी करावे अशी मागणी त्यांच्याकडे आली. ते साइट पाहायला गेले. तिथे त्यांना वर चकचकीत मनोरा आणि खाली मजुरांची राहण्याची व कामाची केविलवाणी स्थिती दिसली, आणि त्यांनी ठरवले की शिल्प करायचे ते याच बांधकामाच्या राडारोड्याचे आणि याच मजुरांच्या हत्यारांचे. ऑलिंपिकसाठी शहरातील बांधकामे थांबवली गेली, जगभर मंदी आली, आणि काही महिन्यांचे काम दोन वर्षे चालले. पैसे देणाऱ्यांनी मधेच सुचवले की पक्ष्यांना वरून स्फटिकांचे आवरण घालावे, म्हणजे जरा बरे दिसतील. शू बिंग यांनी नकार दिला. शेवटी तैवानचे उद्योजक बॅरी लाम यांनी हे शिल्प विकत घेतले, आणि ज्या दालनासाठी पक्षी जन्मले तिथे ते कधी टांगलेच गेले नाहीत. २०१० मध्ये ते शांघायच्या जागतिक प्रदर्शनात होते, पुढे मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ॲडम्स गावातील एका जुन्या कारखान्याच्या संग्रहालयात टांगले गेले, आणि तिथून इथे. तो कारखानाही मुळात कापडछपाईचा. परळच्या एखाद्या गिरणीत अशी उंच भिंतींची शेड रिकामी ठेवून कुणी कला टांगली असती तर, असा विचार आला. पण आपल्याकडे त्या जमिनीचा भाव आधी विचारला जातो.

स्फटिकांच्या सूचनेवर मला हसू आले, कारण ती मी स्वतःच्या कानांनी वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेली आहे. उघडे काँक्रीट ठेवू या म्हटले की वरून काहीतरी लावा, पाइप दिसला की तो झाका, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या ग्राहक येण्याच्या दिवशी हिरव्या कापडाआड करा. लपवण्यावर आम्ही किती कल्पकता खर्च करतो याचा हिशेब कधी कुणी मांडत नाही.

न्यूयॉर्क आणि बीजिंग १९८० पासून भगिनी-शहरे आहेत. अशा नात्यांतून जी कला निघते ती बहुधा कमानी, कंदील आणि पांडा यांच्या पलीकडे जात नाही. दोन्हीकडचे महापौर फीत कापतात, कुणाचे मन दुखावत नाही, आणि कुणाला काही कळतही नाही. या पक्ष्यांनी मात्र एका शहराने दुसऱ्याला सहसा न दाखवलेली गोष्ट आणून टांगली होती. घाईने उभ्या राहिलेल्या शहराचे उरलेसुरले सामान सव्वाशे वर्षे न संपलेल्या इमारतीत आले, आणि मला वाटते तिथेच ते सर्वांत नीट वाचता आले. काचेच्या लॉबीत ते सजावट झाले असते.

माझ्यापासून थोड्या अंतरावर एक वृद्ध चिनी गृहस्थ दहा-अकरा वर्षांच्या नातवाला वर बोट करून काही दाखवत होते. त्यांच्या बोटाची दिशा नेमकी फावड्यांकडे होती. मीही तिकडेच पाहत असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी मान डोलावली. नातवाने इंग्रजीत सांगितले की आजोबा तरुणपणी चीनच्या फुजियान प्रांतात बांधकामावर होते. मी म्हटले, मीही बांधकामातलीच, भारतातली. हे त्याने सांगताच आजोबांचा चेहरा खुलला. त्यांनी खांद्यावर आडवा दांडा घेतल्याचा अभिनय केला, दोन्ही टोकांना टोपल्या, आणि गुडघ्यांत किंचित लवत चार पावले चालून दाखवली. ती चाल इतकी सरावाची होती की टोपल्यांचे हेलकावे मला दिसले. मग त्यांनी माझ्याकडे हात केला, म्हणजे तुमच्याकडे कसे? मी चुंबळ ठेवल्यासारखे करून डोक्यावर घमेले धरल्याचा आविर्भाव केला. त्यांनी डोळे बारीक केले आणि नातवाला काही विचारले.

“आजोबा विचारतात, मान दुखत नाही का?”

मी म्हणाले, “मला माहीत नाही. मी कधी उचललं नाही. ते बायका उचलतात.”

नातवाने ते सांगितले. आजोबांनी पुन्हा विचारले, बहुधा ‘बायका?’ असेच. मी मान हलवली. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, अलीकडे छत्तीसगड आणि बंगालमधून आलेल्या बायका, पाठीशी मूल आणि डोक्यावर ओले काँक्रीट, फळीच्या उतारावरून वर. हे त्या मुलाला इंग्रजीत सांगताना माझी वाक्ये तुटू लागली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हजेरीच्या वह्यांवर सह्या केल्या, स्लॅबच्या दिवशी त्यांना आवाज चढवून पळवले, पण मान दुखते का हा प्रश्न फुजियानच्या एका निवृत्त मजुराने विचारेपर्यंत मला सुचला नव्हता. आजोबांनी पुढे काही विचारले नाही. त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर, मानेजवळ, शर्टाच्या वरूनच एक जागा दाबून दाखवली, नातवाचा हात तिथे ठेवला, आणि मग मलाही बोटाने दाखवले: तिथे एक गाठ होती.

एवढ्यात तरुणांचा एक घोळका फरशीवर उताणा झोपून फोटो काढू लागला आणि एका मुलीने आम्हाला जरा बाजूला व्हायला सांगितले. मला राग आला. वहिनी म्हणाली, “अगं, पक्षी बघायचे तर झोपूनच नीट दिसणार ना.” तिचे बरोबर होते, पण म्हणून राग गेला नाही. आजोबा आणि नातू तोवर दुसऱ्या पक्ष्याखाली गेले होते.

दादा सहाच्या आत आला, पार्किंगवरून वैतागलेला. वहिनीने त्याला ओढूनच आत आणले. तो वर पाहत काही वेळ गप्प राहिला, हे त्याच्या बाबतीत विशेषच. मग म्हणाला, “काम मोठं आहे. पण हे कुठे लावणार कोण?”

परत जाताना जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर कोंडीत अडकलो. दादाने बालेवाडीत एक सदनिका नोंदवलेली आहे, तिचा विषय निघाला, आणि वहिनीने फोनवर बिल्डरने पाठवलेले लॉबीचे चित्र मला दाखवले: दुमजली उंची, इटालियन संगमरवर, मधोमध स्फटिकांचे भले थोरले झुंबर. मी दादाला विचारले, समजा तुझ्याच इमारतीच्या राडारोड्याचा एखादा पक्षी करून या झुंबराच्या जागी टांगला, तर?

“आमच्या लॉबीत नको बुवा,” तो म्हणाला. “रीसेलला त्रास होतो.”