तात्यांची गाय पॉझिटिव्ह आली

पशुवैद्यकीय कॉलेजात पीजी करत असताना माझी ओळख म्हणजे थर्माकोलचा डबा. आत बर्फाच्या पिशव्या, त्यात रक्ताच्या नळ्या, आणि तो डबा मांडीवर घेऊन एसटीच्या खिडकीशी बसलेली मी. शेजारच्या आज्जीने एकदा विचारलं, मासं हायत का गं? म्हणलं नाही आज्जी, गाईचं रक्त आहे. पुढच्या स्टॉपला आज्जींनी सीट बदलली.

माझा थिसिसचा विषय ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांचा गाभ पाडणारा आणि माणसालाही लागणारा जंतूचा रोग. गोठ्यात ह्याला कोणी ब्रुसेलोसिस म्हणत नाही, तिथे "गाय गाभडली" एवढंच. सहाव्या महिन्यानंतर, बहुतेकदा सातव्या-आठव्यात, चांगली गाभण असलेली जनावरं अचानक गाभ टाकतात, मागे वार (गर्भाभोवतीचं आवरण) अडकते, आणि घरातले म्हणतात शिंग लागलं असेल, पाय घसरला असेल, नायतर कुणाचीतरी नजर. आमचं काम होतं दहा-बारा गावं फिरून गाभडलेल्या आणि न गाभडलेल्या, दोन्ही जनावरांचं रक्त गोळा करायचं आणि टेस्ट करायची.

टेस्ट म्हणाल तर दिसायला एकदम पोरखेळ. रक्त गोठलं की वर पिवळसर सीरम सुटतं, त्याचा एक थेंब पांढऱ्या प्लेटवर, शेजारी तेवढाच गुलाबी अँटिजेनचा, म्हणजे मारून रंगवलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रावाचा, थेंब, टूथपिकने कालवायचं आणि प्लेट हातात धरून हळूहळू हलवत राहायचं. चार मिनिटं. काही झालं नाही तर थेंब तसाच गुळगुळीत गुलाबी राहतो. पॉझिटिव्ह असेल तर नासलेल्या दुधासारखे बारीक गुलाबी कण धरायला लागतात, आणि खरं सांगू, पहिल्यांदा तसे कण दिसले तेव्हा मला आनंद झाला होता, कारण गाईडना दाखवायला काहीतरी मिळालं. आता ते आठवलं की कसंतरीच होतं.

तात्या म्हणजे त्यातल्याच एका गावचे शेतकरी. त्यांची एचएफ क्रॉस (विदेशी होल्स्टीनची संकरित) गाय तिसऱ्या वेताला सात महिन्यांची गाभण असताना गाभडली होती. टाकलेलं वासरू उकिरड्यावर, तिथून कुत्र्यांनी ओढत शेजारच्या रानात. वार दोन दिवस पडली नाही म्हणून त्यांच्या बायकोने, काकूंनीच कोपरापर्यंत हात घालून काढली, नुसत्या हाताने. हे सगळं मला त्या चहा पिता पिता सांगत होत्या, आणि वर हेही, की मला गं तीन महिने झाले बारीक ताप आहे, संध्याकाळी येतो, रात्री घामाने उशी भिजते, कंबर धरते. तालुक्याला दोन ठिकाणी दाखवलं, टायफॉईड निघाला, गोळ्या-सलाईन झालं, आठ दिवस बरं वाटलं की परत सुरू. कुणी विचारलं का की घरात जनावरं आहेत का, एखादी गाभडली का? नाही. आणि तेव्हा मला डॉक्टरांचा राग आला होता, पण ह्या आजारात ताप, घाम, सांधेदुखी सोडून स्वतःचं असं वेगळं लक्षण नाहीच, मलेरिया टायफॉईड टीबी कशाच्याही कपड्यात तो हिंडतो. गोठ्याचा प्रश्न विचारला नाही तर सापडायचा कसा?

काकूंची टेस्ट आम्ही दुसरीकडे करवून घेतली, पॉझिटिव्ह. मग दोन औषधं, डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे सलग. सहा आठवडे ऐकल्यावर काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण इलाज नाही, हा जंतू पेशींच्या आत जाऊन बसतो, औषध मध्येच सोडलं की परत डोकं वर काढतो. त्यांनी पूर्ण केलं. त्या बऱ्या आहेत.

गाईच्या बाबतीत मात्र असं काही सांगता येत नाही. औषध नाही म्हणजे, अँटिबायोटिकने जंतू जाईल ह्याची खात्री नाही आणि कोणी करायलाही सांगत नाही. आणि ह्या रोगाची सगळ्यात फसवी गोष्ट ही की गाय बहुतेकदा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला व्यवस्थित विते, वासरू टुणटुणीत, दूध चांगलं. शेतकरी म्हणतो गेली पीडा. पण वितानाच्या पाण्यातून, वारेतून, दुधातून जंतू बाहेर पडतच असतात. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर असते, ती ह्या जंतूला भयंकर आवडते, म्हणून गाभण गाईत तो थेट तिथेच जाऊन वाढतो. एका टाकलेल्या वासराभोवती किती जंतू असतात ह्याचा हिशोब करू नये, झोप उडेल.

दुधाचं म्हणाल तर हे शंभर वर्षांहून जुनं भांडण आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश शिपाई तापाने मरत होते, डेव्हिड ब्रूसने १८८७ ला त्यांच्या प्लीहेतून जंतू काढला, पण तो येतो कुठून हे काही कळेना. मग १९०५ ला तिथल्याच झामिट नावाच्या डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला ठणठणीत, आणि निघाल्या पॉझिटिव्ह! त्या शेळ्या दारोदार नेऊन समोर दूध काढून द्यायची तिकडे पद्धत होती. शिपायांचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप धडाधड खाली आला. पुढे अमेरिकेत ॲलिस इव्हान्सने १९१८ मध्ये छापलं की गाईत गाभ पाडणारा आणि माणसाला माल्टा ताप आणणारा जंतू एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत, सबब दूध पाश्चराईज करा. तिला कुणी मनावर घेतलं नाही, डेअरीवाले तर नाहीच. १९२२ मध्ये तिला स्वतःलाच लॅबमध्ये लागण झाली आणि पुढे कित्येक वर्षं ती त्याने आजारी पडत राहिली. लॅबमध्ये काम करताना ही बाई मला रोज आठवायची, कारण लॅबमध्ये काम करणाऱ्यांना होणाऱ्या लागणींत ब्रुसेला कायम वरच्या नंबरात असतो.

दारोदार शेळ्या वाचून हसू आलं असेल तर कोल्हापूरला गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन या. म्हशी समोर उभ्या, धार थेट ग्लासात, फेसासकट. मी स्वतः उभी राहून प्यायलेय, कॉलेजात असताना, आणि चव अजून जिभेवर आहे, खोटं कशाला बोलू. धारोष्ण दूध म्हणजे ताकद असं आपल्याकडे तालमीतल्या पैलवानापासून बाळंतिणीच्या सासूपर्यंत सगळे मानतात. मी आता पीत नाही. घरी मामाला सांगितलं तर तो म्हणाला आमच्या आज्याने नव्वद वर्षं प्यायलं. ह्यावर काय बोलणार. दूध उकळा एवढंच म्हणते, उकळलं की विषय संपला, आणि हो, खरवसाला घाबरू नका, तो चांगला वाफवलेला असतो, हा प्रश्न मला प्रत्येक गावात आला.

तर तात्या. रिपोर्ट घेऊन गेले, सांगितलं, गाय पॉझिटिव्ह आहे. ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग आता काय करू म्हणता मॅडम?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. टेस्ट करा, पॉझिटिव्ह जनावरं मारा, मालकाला भरपाई द्या, असं करून कित्येक देशांनी हा रोग संपवला. आपल्याकडे महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी आहे, २०१५ ला बैल-वळूही त्यात आले. त्या कायद्यावर मी इथे भांडत नाहीये, पण मग पॉझिटिव्ह गाईचं करायचं काय हे तात्यांना कोणी सांगायचं? मी सांगितलं की वेगळी बांधा, विताना बाकीच्यांपासून लांब ठेवा, वार आणि टाकलेलं वासरू चुना घालून खोल पुरा, हातमोजे घाला, दूध उकळा. तात्यांची जागा म्हणजे पत्र्याचा एक गोठा, एकच दावण, पाच जनावरं. वेगळी कुठे बांधणार? घरात?

लस आहे. स्ट्रेन १९. ती सापडण्याची गोष्टही मजेशीर, १९२३ मध्ये एका जर्सी गाईच्या दुधातून काढलेला जंतू लॅबमध्ये वर्षभराहून जास्त नुसता पडून राहिला आणि त्याचा जोर ओसरला, तीच लस. ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस दोन्हींसाठी, त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि रेड्यांच्या बहिणींना, म्हणजे पारड्यांना, आयुष्यात एकदाच टोचायची. नरांना नाही. आणि लस जिवंत आहे, टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच ताप येऊ शकतो. लाथा मारणारी कालवड धरून हे करणाऱ्या लोकांना माझा दंडवत. पण ही लस उद्याच्या गाईसाठी आहे, दावणीला आज उभ्या असलेल्या पॉझिटिव्ह गाईला तिचा काही उपयोग नाही.

दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेले तर दावणीची एक जागा रिकामी. मी काही विचारायच्या आधी तात्याच म्हणाले, बाजार केला. हेड्या, म्हणजे जनावरांचा दलाल, आला होता, किंमत चांगली आली. मी विचारलं त्याला सांगितलं का? तात्या खाली बघत पायाच्या अंगठ्याने शेण उकरत राहिले. मग म्हणाले, सांगितलं असतं तर घेतली असती का? काकूंच्या औषधाला, तालुक्याच्या फेऱ्यांना पैसे गेले होते, ते मला माहीत होतं. मला रागवायचं होतं आणि जमलं नाही. त्यांना ती गाय पॉझिटिव्ह आहे हे कळलं माझ्यामुळे, आणि ती विकावी असं वाटलं तेही माझ्या रिपोर्टमुळेच, न कळती तर अजून दोन वेतं त्यांच्याच दावणीला राहिली असती.

थिसिसमध्ये ती ओळ आहे. नंबर, गाव, जात, वेत, टेस्ट पॉझिटिव्ह, आणि शेवटच्या रकान्यात "दुसरा नमुना उपलब्ध नाही". व्हायव्हाला कुणी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही, सगळे प्रश्न टक्केवारीवर.

तिच्या कानात पिवळा बिल्ला होता, बारा आकडी. शेवटचे चार आकडे माझ्या लक्षात राहिलेत. आता नोकरीनिमित्त दुसऱ्याच जिल्ह्यात असते, तरी एचएफ गाय दिसली की आधी कान बघते.